एका गावाची ओळख : ब्लाटेन
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आपल्या मंडळात दरवर्षी चिठ्ठ्या टाकून भाषणाचे विषय वाटतात. कुणाला लोणची-पापड निघतात, कुणाला बाळाचा आहार. माझ्या चिठ्ठीत निघाले, 'आल्प्स पर्वतातील एक लहान गाव : भूगोल व लोकसंख्या'. माझे शिक्षण सातवीपर्यंत. नकाशा काढताना माझी नदी नेहमी डोंगर चढायची आणि बाई पट्टी घेऊन यायच्या. म्हणून मी चिठ्ठी बदलून मागणार होते. पण धाकट्याने फोनवर एका गावाची चित्रे दाखवली, आणि ते गाव काही डोक्यातून जाईना. त्याविषयीच चार शब्द सांगते. चुकेल तिथे सांभाळून घ्यावे.

गावाचे नाव ब्लाटेन. देश स्वित्झर्लंड, प्रांत वालिस. या प्रांतातून ऱ्होन ही मोठी नदी वाहते. तिच्या उत्तरेला डोंगरांच्या मधोमध ल्योचेनटाल नावाचे एक चिंचोळे खोरे आहे. खोऱ्याची नदी लोंझा. ती वरच्या टोकाला बर्फातून निघते आणि खाली येऊन ऱ्होनला मिळते. तिच्या काठाने चार गावे : फेर्डेन, किपेल, विलर, आणि सर्वांत वर ब्लाटेन. चारही गावांची वस्ती मिळून दीड हजाराच्या आसपास, त्यांतले तीनशे लोक ब्लाटेनचे.

गावाची उंची १५४० मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिच्या माथ्याच्या थोडेसे खाली. पण तिथे ही उंची पायथ्याची, बरे का! शेजारचा बीचहोर्न डोंगर ३९३४ मीटर आहे. गावाच्या नावावर जमीन मात्र सुमारे ९० चौरस किलोमीटर. तीनशे माणसांना एवढा मुलूख म्हणजे चैनच, असे मला आधी वाटले. पण त्यात खडक आणि बर्फच फार. घर बांधावे, गवत कापावे अशी जागा नदीकाठाला पदराच्या काठाएवढी.

पूर्वी हिवाळ्यात बर्फाचे कडे कोसळून खोऱ्याची वाट बंद पडायची. १९१३ साली डोंगरातून रेल्वेचा लांब बोगदा झाला, खोऱ्याच्या तोंडाशी स्टेशन आले, तेव्हा जगाशी येणेजाणे वाढले. घरे लाकडाची. ते लाकूड उन्हाने काळे पडते, आपल्या जुन्या वाड्याच्या तुळयांसारखे. धान्याची कोठारे खांबांवर उचललेली, आणि खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीसारखा गोल चपटा दगड, म्हणजे उंदीर वर चढू नये. हे मला फार आवडले. उंदरांचा जाच सगळीकडे सारखाच! उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणात नेतात. फेब्रुवारीत तिथे सोंगे निघतात. लाकडाचे भयंकर मुखवटे, अंगावर शेळ्यामेंढ्यांची कातडी, कमरेला गाईची घंटा. आपल्या शिमग्याचीच आठवण होते.

हे सगळे मी आमच्या सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "तीनशे माणसे म्हणजे उंबरे किती?" त्यांच्या लहानपणी गाव डोक्यांनी मोजत नसत. साठ उंबऱ्यांचे गाव, शंभर उंबऱ्यांचे गाव, असे म्हणत. मी म्हटले, "सासूबाई, उंबऱ्यांचेच तर सांगायचे आहे."

ब्लाटेनच्या वर डोंगराच्या कुशीत बिर्च नावाची हिमनदी होती. हिमनदी म्हणजे वाहते पाणी नव्हे, तर अगदी हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रचंड थर. हल्ली हवा तापल्यामुळे तिकडच्या हिमनद्या आटत चालल्या आहेत. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतील दहावा हिस्सा बर्फ वितळला. डोंगराच्या फटींत बारा महिने गोठलेले बर्फ असते, ते खडकांना धरून ठेवते. तेही सैल होते. मे २०२५ मध्ये हिमनदीच्या वरचा क्लाइनेस नेस्टहोर्न हा डोंगर ढासळू लागला आणि त्याचे दगड हिमनदीच्या पाठीवर पडू लागले. त्या भाराने हिमनदी खाली सरकू लागली, शेवटी तर दिवसाला काही मीटर.

यावर तज्ज्ञांची नजर होती. १९ मे रोजी सोमवारी त्यांनी सारे गाव रिकामे करविले. म्हातारे, मुले, गुरे, सगळी. एका जखमी गाईला तर हेलिकॉप्टरला टांगून खाली आणले. तिचे चित्र पाहून सासूबाईंनी हात जोडले. नऊ दिवस गाव ओस उभे होते. २८ मे रोजी, बुधवारी दुपारी, हिमनदी कोसळली. दगड, बर्फ, माती मिळून सुमारे ९० लाख घनमीटर! मुलाकडून हिशेब करून घेतला. डंपरमध्ये दहा घनमीटर माल धरला, तर नऊ लाख डंपर झाले. गावाचा नव्वद टक्के भाग गाडला गेला. लोंझा नदी तुंबली, तिचे तळे झाले, आणि वाचलेली बरीच घरे त्या तळ्यात गेली.

वस्तीच्या बाहेर मेंढ्यांपाशी असलेला ६४ वर्षांचा एक गृहस्थ त्यात गेला. बाकीचे सारे जिवंत राहिले. लोकसंख्या जवळजवळ तेवढीच, आणि उंबरे गेले.

आपल्याकडे ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर पावसात डोंगर आला. दीडशेवर माणसे गेली. तिथे आधी कुणी उठवायला आले नव्हते. प्रत्येक डोंगराला यंत्रे बसवणे सोपे नाही, हे मला समजते. तरी ते नऊ दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

सासूबाईंचे माहेर धरणाच्या पाण्यात गेले. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. निघायच्या सकाळी त्यांच्या आईने घर सारवले, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिले, आणि मग वडिलांनी तोच उंबरा चौकटीसकट उखडून गाडीत घातला. नव्या जागी तो बसवला. पण साठ उंबरे एका ठिकाणी राहिले नाहीत. कुणी या जिल्ह्यात, कुणी त्या जिल्ह्यात. "माणसे सगळी होती ग," त्या म्हणाल्या, "पण तांदूळ निवडायला हाक मारावी तर ऐकणारी कुणी नव्हती." इतकी वर्षे मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी कधी विचारलीच नव्हती.

ब्लाटेनच्या लोकांना उंबरा उखडून नेता आला नाही. पण त्यांनी गाव पुन्हा वसवायचे ठरवले आहे, आणि तेही त्याच खोऱ्यात, एकत्र. कुठली जागा भक्कम, कुठली धोक्याची, याची पाहणी करून बांधायचे. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "एकत्र ना? मग बांधू देत सावकाश."