वस्तू कोणाच्या, नावे कोणाची?

(दवनीवाडा येथील महिला मेळाव्यातील भाषणाचा संक्षेप)



रोवणी आटोपून तुम्ही इतक्या जणी आलात, आणि मी बोलणार इजिप्तवर! आपल्या धानाच्या बांधीशी त्याचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे तो मालकीचा.

1863 साली नागपूरचा अजबबंगला, म्हणजे तिथले संग्रहालय, सुरू झाले. त्याच वर्षी कलकत्त्यात एका इंग्रज घरात मार्गारेट मरे जन्मल्या. रीतसर शिक्षण फारसे झाले नाही. काही काळ त्यांनी कलकत्त्यातच परिचारिकेचे काम केले. तिशी उलटल्यावर, 1894 मध्ये, त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तची चित्रलिपी शिकू लागल्या.

तो विभागच एका बाईच्या मृत्युपत्रातून उभा राहिला होता. लेखिका अमेलिया एडवर्ड्स 1892 मध्ये वारल्या. त्यांनी आपला पैसा, पुस्तके आणि इजिप्तच्या जुन्या वस्तू या कॉलेजला दिल्या, कारण तिथे स्त्रियांनाही पदवी मिळत असे. आज त्या संग्रहालयाला नाव मात्र पहिल्या प्राध्यापकांचे, पेट्री यांचे आहे.

पेट्री उत्खननाला गेले की वर्ग मरेबाई चालवीत. 1895 मधला त्यांचा पहिला लेख कशावर होता? प्राचीन इजिप्तमध्ये मालमत्ता वारशाने कोणाकडे जाई, यावर. 1907 मध्ये त्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. 1908 मध्ये मँचेस्टरमध्ये त्यांनी लोकांसमोर ममीची वस्त्रे उलगडून अभ्यास केला. 1935 पर्यंत त्यांनी शिकवले आणि शंभरी पाहून 1963 मध्ये त्या वारल्या.

आता दुसरे मृत्युपत्र. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर अल-मदिना या गावात सुमारे 3100 वर्षांपूर्वी नौनाख्त नावाची बाई होती. आठ लेकरे वाढवली. म्हातारपणी पंचांसमोर तिने सांगितले की, ज्यांनी मला पाहिले त्यांनाच माझ्या वाट्यातले मिळेल, बाकीच्यांना नाही. एका मुलाला तिने काशाचे हात धुण्याचे भांडे जास्तीचे दिले. तिचा हा कागद आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. राणी नव्हती ती. पण तिची वस्तू तिची होती, आणि तसे लिहून ठेवलेले होते. म्हणून ती आपल्याला माहीत आहे.

संग्रहालयात गेलात तर जाते, सूप, भांडे यांपुढे थांबा आणि विचारा, हे कोणी घडवले, कोणी वापरले? आजीच्या वस्तू भंगारात घालण्याआधी तिचे नाव आणि काम वहीत लिहा.

आणि घरचा कागदही पाहा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 मध्ये केली, देशभर ती 2005 मध्ये झाली. रोवणी आपण करतो; सातबारावर आपल्यापैकी किती जणींचे नाव आहे? तलाठ्याकडून उतारा काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. सगळ्या मिळून वाचू.