सोडण्याचा खर्च आणि ओढण्याचा खर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला ‘घरखर्चातील काटकसर’ हा विषय दिला. तेल, साखर, गॅस यांवर माझ्या आधी पुष्कळजणी बोलून गेल्या आहेत. मी अशा एका खात्याविषयी बोलणार आहे की जे आपल्यापैकी बहुतेकींच्या वहीत नसतेच, कारण तो पैसा घरात येण्यापूर्वीच परस्पर पानपट्टीवर जातो. विडी-सिगारेटचे खाते. तंबाखू वाईट, हे सांगण्यासाठी मी उभी नाही. पाकिटाच्या 85 टक्के भागावर ते चित्रासह छापलेले असते, आणि ओढणारे ते पाहूनच काडी पेटवतात. पण “सोडायलासुद्धा पैसे पडतात, त्यापेक्षा चालले आहे ते बरे” हे वाक्य मी आमच्या घरात ऐकले आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. म्हणून हिशेब मांडून पाहू.

आमच्याकडे ह्यांना दिवसाला दहा सिगारेटी लागत. त्या वेळी एक पंधरा रुपयांना पडे. म्हणजे रोजचे 150, महिन्याचे साडेचार हजार, वर्षाचे 54,750 रुपये. ह्यात सिगारेटीबरोबरचा चहा धरलेला नाही, आणि माझ्या उशीच्या अभ्र्यांना पडलेली भोकेही नाहीत. मी आकडा पुढे ठेवला तेव्हा हे म्हणाले, “छे, एवढे होत नसेल.” मग महिनाभर रिकामी पाकिटे बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची असे ठरले. दहाच्या पाकिटांची तीस निघायला हवी होती. निघाली चौतीस!

डॉक्टरांनी ह्यांना निकोटीनचे च्युइंगगम सांगितले. दोन मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. चार मिलिग्रॅमची हवी तर चिठ्ठी लागते. नेहमीच्या च्युइंगगमसारखी ती सारखी चावायची नाही. सावकाश चावायची, तिखटसर चव लागली की गालात धरून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असे अर्धा तास. आणि चहा-कॉफी तिच्या आधी पाव तास व ती तोंडात असेपर्यंत वर्ज्य, नाहीतर औषध अंगी लागत नाही. आमच्याकडे सिगारेटीपेक्षा हेच पथ्य जड गेले.

पहिले सहा आठवडे रोज दहा, पुढचे तीन आठवडे पाच, शेवटचे तीन दोन. एकूण 567 गोळ्या. बारा रुपयांप्रमाणे 6,804 रुपये झाले. एवढी रक्कम वाचून कोणाचाही जीव दचकेल. पण त्याच बारा आठवड्यांत सिगारेटींना 12,600 गेले असते. सिगारेटीच्या पंचेचाळीस दिवसांच्या पैशांत सगळ्या गोळ्यांचा खर्च निघतो. वाणसामानात असा सौदा मिळाला तर आपण शेजारणीलाही सांगितल्याशिवाय राहणार नाही.

पण सोडण्याचा खरा खर्च औषधवाल्याकडे भरायचा नसतो, तो घरातच भरावा लागतो. चिडचिड, झोप न लागणे, कशात लक्ष नसणे, आणि सारखी भूक. पहिला आठवडा सर्वांत वाईट. तीन-चार आठवड्यांनी पुष्कळ ओसरते. तोपर्यंत आमटीत मीठ कमी की जास्त, ह्यावर मी रोज बोलणी खाल्ली. तल्लफ आली तर ती काही मिनिटांत आपोआप उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो. आमच्याकडे त्यासाठी बडीशेप, लवंगा आणि भाजलेले शेंगदाणे असत. शेंगदाण्यांनी चार किलो वजन वाढवले आणि दोन पँटी शिंप्याकडून सैल करून घ्याव्या लागल्या. त्याचे 160 रुपये मी ह्याच खात्यात लिहिले. दुसऱ्या महिन्यात एका लग्नात मित्रांनी आग्रह केला आणि दोन सिगारेटी झाल्या. त्यावरून मी भांडण काढले नाही. बहुतेकांची सवय पहिल्या खेपेला सुटत नाहीच. दुसऱ्या दिवशी डब्यातली गोळी पुढे ठेवली आणि मोजणी पुढे चालू. आज दोन वर्षे झाली.

विडीचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. पंचवीस विड्यांचे बंडल पंचवीस रुपयांना धरा. माझे धाकटे दीर रोज दोन बंडले ओढत. रोजचे पन्नास, बारा आठवड्यांचे 4,200. म्हणजे गोळ्याच महाग! त्यांचा खर्च भरून निघायला 136 दिवस लागतात. ज्याच्या हातात पगार आठवड्याला येतो, त्याला साडेचार महिन्यांनंतरचा नफा सांगून काय उपयोग? सासूबाई म्हणाल्या, “त्यापेक्षा विडीच परवडली.” विडी स्वस्त का, ते आपल्या सोलापुरात कोणाला सांगायला नको. वळणारीचा हात स्वस्त, म्हणून ती स्वस्त. आपल्या मंडळातही विड्यांवर शिकलेल्या मुली आहेत, आणि त्यांच्या आयांच्या पोटावर पाय देण्याची भाषा माझ्या तोंडून येणार नाही. त्या हातांना दुसरे काम मिळवून देणे हा वेगळ्या सभेचा विषय आहे. पण ह्या स्वस्त विडीचे पुढचे बिल मी पाहिले आहे, ते सांगते.

दिरांना अडतिसाव्या वर्षी चालताना पोटरीत गोळे येऊ लागले. मग अंगठा निळा पडला. रात्री दुखण्याने झोप नाही, पाय खाटेखाली सोडून बसायचे. ह्याला बर्जरचा रोग म्हणतात. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर ह्या डॉक्टरांनी 1908 साली त्याचे वर्णन केले. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात, आणि तो बहुतेक तंबाखूच्या सवयीच्या तरुण माणसांना होतो. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय बहुधा वाचतो. चालू राहिली तर एकेक तुकडा कापावा लागतो. दिरांचा अंगठा गेला. गोळीतही निकोटीनच, म्हणून ह्या रोगात तीही नको असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी नुसत्या हिमतीवर सोडली. सोडण्याचा रोख खर्च शून्य. आधी ओढल्याचा खर्च मात्र चार महिन्यांचा बुडालेला पगार, पुण्याच्या फेऱ्या, औषधे आणि मलमपट्ट्या मिळून 63,000, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षांच्या विड्यांइतका. तो जाऊबाईंनी ब्लाउज शिवून फेडला, आणि पुतणीची शिकवणी त्या वर्षी बंद झाली. तिचा रकाना कोणत्या आकड्याने भरायचा, ते मला अजून समजलेले नाही.

आयुष्याचाही हिशेब झालेला आहे. आपल्या देशातील मृत्यूंचा 2008 साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, बाईचे आठ वर्षांनी कमी होते. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे दहा वर्षांनी. ब्रिटनमधील डॉक्टरांचीच 1951 पासून पन्नास वर्षे पाहणी झाली, तिच्यात असे दिसले की साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. “आता ह्या वयात काय सोडायची?” म्हणणाऱ्यांना एवढे ऐकवावे.

सरकारला कर मिळतो, असेही कोणी म्हणते. 2017-18 साली तंबाखूने देशाचे 1,77,341 कोटी रुपयांचे नुकसान केले. अबकारी कराचे शंभर रुपये आले तर 816 गेले, असा तो हिशेब आहे. आणि जे ओढत नाहीत, नुसता दुसऱ्याचा धूर घेतात, त्यांच्या आजारपणाच्या खर्चाचा 71 टक्के भाग बायकांचा आहे. खोली एक, खिडकी एक, आणि आपण चुलीपाशी. ह्यात नवल नाही.

जाता जाता आपलेही सांगते. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातील शंभरात सतरा बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. तव्यावर मशेरी भाजताना पदर नाकाला लावणाऱ्यांनी नवऱ्याच्या पाकिटांची मोजणी करताना आपली डबीही शेजारी ठेवावी. निकोटीन दोन्हींत तेच आहे.

आता कामाचे. ज्यांना गोळ्या परवडत नाहीत त्यांनी जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात विचारावे. तेथील सल्ला फुकट असतो. निकोटीनची ही औषधे 2022 पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तेव्हा तेथे आहेत का हे विचारण्यात संकोच नको. घरबसल्या बोलायचे तर 1800-11-2356 हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मुलांची परीक्षा किंवा घरचे कार्य असेल त्या महिन्यात सुरुवात करू नये. बारा आठवड्यांचे कोष्टक मी वीस कागदांवर उतरवून आणले आहे. चहाच्या वेळी खिडकीजवळच्या टेबलावर मिळेल. दिरांसारखा त्रास किंवा हृदयाचे दुखणे असेल त्यांनी मात्र ते आधी डॉक्टरांना दाखवावे.