व्याधी आणि सोबत



कर्करोग एका देहाला होतो, परंतु त्याचे भय सगळ्या घरात शिरते. भयाबरोबर मौनही येते. मुलगा वडिलांपुढे रोगाचे नाव उच्चारीत नाही. वडिलांनी ते केव्हाच ओळखलेले असते, पण मुलाला क्लेश होतील म्हणून तेही बोलत नाहीत. दोघांचा हेतू प्रेमाचाच असतो. पदरी मात्र एकाकीपण येते. रोगाचा उपचार वैद्याने करावयाचा, परंतु हे एकाकीपण दूर करणे आप्तेष्टांच्याच हाती असते.

हैदराबाद नगरीत रेड हिल्स भागात मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय १९५५ साली स्थापन झाले. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तरी नांदेडकडील रुग्णांची हैदराबादची वाट तुटली नाही. अशा परक्या ठिकाणी आलेल्या रुग्णास औषधाइतकीच आपल्या भाषेत विचारपूस करणाऱ्या माणसाची गरज असते. डॉक्टरांचे तेलुगू वा उर्दू बोलणे मराठीत समजावून सांगणे, सोबतच्या माणसाला जेवणाचा डबा पोहोचविणे, तपासणीच्या दिवशी शेजारी बसून राहणे, ही सेवा लहान दिसते, पण तिचे मोल रुग्णच जाणतो.

या रुग्णालयात २००६ पासून वेदनाशमनाचा व सांत्वनशुश्रूषेचा स्वतंत्र विभाग चालू आहे. या शुश्रूषेमागील विचार सिसिली सॉन्डर्स या विदुषीने मांडला. परिचारिका, समाजसेविका व डॉक्टर अशा तिन्ही नात्यांनी रुग्णांजवळ वावरलेल्या या बाईंनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हे सेवागृह उघडले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची तळमळ, संसाराची विवंचना आणि जीविताच्या अर्थाविषयीची शंका ही सारी तीत मिसळलेली असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. यास्तव वेदना मुकाट्याने सोसणे म्हणजे धैर्य, असे मानण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने तीव्र वेदना शमतात. व्यसनाच्या भीतीने रुग्णास तळमळत ठेवणे उचित नव्हे.

श्रद्धावंत घरांत आणखी एक शल्य असते. “हे कोणत्या पापाचे फळ?” असा प्रश्न रुग्ण स्वतःस विचारतो, आणि कधी शेजारीही तो त्याच्या कानी घालतात. वस्तुतः श्रीरामकृष्ण परमहंसांना १८८५ मध्ये घशाचा कर्करोग जडला व १८८६ मध्ये त्यांनी देह ठेवला. श्रीरमण महर्षींच्या डाव्या हातावर अशीच दुर्धर गाठ उद्भवली व १९५० मध्ये त्यांचे महानिर्वाण झाले. ज्या व्याधीने अशा विभूतींनाही सोडले नाही, तिला पापाची शिक्षा म्हणणे हा रुग्णावर दुहेरी अन्याय होय. काशीपूरच्या उद्यानगृहात तरुण शिष्यांनी श्रीरामकृष्णांची रात्रंदिवस सेवा केली, श्रीशारदादेवींनी पथ्याचे अन्न रांधले. सेवेचा तो धडा आजही तितकाच खरा आहे. हा रोग सहवासाने वा स्पर्शाने जडत नाही. म्हणून रुग्णाचे ताटवाटी वेगळे करू नये, त्याचा हात हाती घेण्यास संकोचू नये.

रुग्णाजवळ जाताना उपदेशाची घाई नसावी. “धीर धरा” असे म्हटल्याने त्याचे बोलणे बहुधा तेथेच खुंटते, “आज कसे वाटते?” असे विचारून स्वस्थ ऐकल्याने मन मोकळे होते. त्यास रडू आले तर येऊ द्यावे. रोगाविषयी त्याला जाणून घ्यावयाचे असेल तेवढे सत्य मृदू शब्दांत सांगावे. औदासीन्य दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप व अन्नावरील वासना उडाली, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे आले, तर ती श्रद्धेची उणीव न समजता विनाविलंब मानसोपचार करवावेत. नामस्मरण मनाला आधार देते. ते औषधाच्या जोडीने चालावे, औषधाच्या जागी नव्हे.

आणि जी पत्नी, कन्या वा स्नुषा महिनोन्महिने उशाशी बसते, तिचाही विसर पडू नये. एखादी रात्र तिच्याऐवजी दुसऱ्या कोणी जागावी, म्हणजे तिला निवांत झोप मिळेल, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाशी चार शब्द बोलण्याचे बळही तिच्या अंगी येईल.