मानपत्राचा करंडा



पूर्वी थोर पाहुण्यास मानपत्र द्यावयाचे झाल्यास त्याची गुंडाळी करून ती चांदीच्या किंवा चंदनाच्या नक्षीदार करंड्यात घालून देत. ज्यांच्या घरी आजीचे बिदरी पानदान आहे, त्यांनी ते डोळ्यांपुढे आणावे. काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी! करंड्यावरचे कामही असेच नाजूक असे.

इंग्लंडात ही प्रथा जुनी आहे. लंडन शहर आपले मानद नागरिकत्व थोरांना सोन्याच्या डबीतून देई. सेंट व्हिन्सेंटच्या लढाईनंतर १७९७ साली नौसेनानी नेल्सन यास असा मान मिळाला. पुढच्याच वर्षी नाईलच्या मुखाशी त्याने फ्रेंच आरमार बुडविले, तेव्हा तुर्कस्तानचे सुलतान तिसरे सलीम यांनी त्यास हिऱ्यांचा तुरा पाठविला. हा तुरा १९५१ साली लंडनमधील ग्रिनिच येथील संग्रहालयातून चोरीस गेला, तो पुन्हा मिळाला नाही. सोन्याहिऱ्यांचे हे असेच असते म्हणा.

नेल्सनची मला आवडणारी गोष्ट निराळीच आहे. १८०१ साली कोपनहेगनची लढाई झाली. शेकडो खलाशी कामी आले, पण लढलेल्यांना ना सरकारी पदक मिळाले, ना लंडन शहराचे आभार. पुढील वर्षी शहराने दुसऱ्या एका कामगिरीसाठी नेल्सनचे आभार मानण्याचे ठरविले. त्याने कळविले की, कोपनहेगनला माझ्याबरोबर लढलेल्यांची कदर झाल्याखेरीज मला आपले आभार नकोत. त्या लढाईचे पदक निघाले ते १८४७ साली. नेल्सनला जाऊन तेव्हा ४२ वर्षे झाली होती. मुलांनो, डबी घेणारे पुष्कळ. परत करणारा क्वचित.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. आपण कुरुंद्याची माणसे. आपला समुद्र म्हणजे सिद्धेश्वरचे धरण. तरीही दौलतखान हे नाव आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक असावे. १६७९ साली खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी सामना झाला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या आरमाराचे नेतृत्व मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी केले. इंग्रजांना खांदेरी घेता आली नाही. भारतीय नौदलाने २०१९ साली मुंबईत सेवेत घेतलेल्या पाणबुडीचे नाव खांदेरी आहे.

दुसरे नाव कुंजाली मरक्कार. कालिकतच्या झामोरिनचे हे नौसेनानी पिढ्यान्‌पिढ्या पोर्तुगिजांशी लढले. चौथ्या कुंजालीवर मात झामोरिनच पोर्तुगिजांच्या बाजूने उलटला. १६०० साली शरण आलेल्या या सेनापतीस पोर्तुगिजांनी गोव्यास नेऊन त्याचा शिरच्छेद केला. त्याचे शिर मिठात घालून कण्णूरला पाठविण्यात आले, लोकांस दहशत बसावी म्हणून. त्याच्या वाट्याला करंडा आला तो हा!

आज मुंबईतील कुलाब्याच्या नौदल तळाचे नाव ‘कुंजाली’ आहे. टपाल खात्याने २००० साली त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले. किंमत तीन रुपये.