भूल देण्याआधीचा एक तास

शस्त्रक्रियेला आलेला माणूस आम्हा भूलतज्ज्ञांना हमखास विचारतो, "डॉक्टर, जाग येईल ना?" त्याला धीर देताना माझा भरवसा असतो तो त्याला टेबलावर घेण्याआधी थिएटरमध्ये झालेल्या तयारीवर.

सकाळी पहिली केस लागण्याआधी आम्ही तिथे असतो. सगळ्यात आधी हातात घ्यायची ती अंबू बॅग. मशीन बंद पडलं, वीज गेली, तरी या पिशवीने हाताने श्वास देता येतो. मग ऑक्सिजनची पाइपलाइन आणि राखीव सिलेंडर. सिलेंडर उघडून काटा पाहायचा आणि पुन्हा बंद करायचा. उघडा राहिला तर नकळत रिकामा होतो. घशातला स्राव ओढून घेणारं सक्शन सुरू करून उशाशी ठेवायचं. घशात पाहायचे लॅरिंगोस्कोप दोन, कारण त्यांचा दिवा नेमका नको तेव्हा जातो. श्वासनलिकेत घालायच्या नळ्या लहान-मोठ्या मापांच्या, त्यांचे फुगे फुगवून पाहिलेल्या. आणि औषधं भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नावाचं लेबल. औषधांच्या कितीतरी काचेच्या कुप्या दिसायला सारख्याच असतात. म्हणून बिनलेबलची सिरिंज फेकूनच द्यावी, यात मी तडजोड करत नाही.

हे सगळं आधीच का? स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. तो आम्ही चालवायचा असतो. आधी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला तर धडधाकट माणसाच्या बाबतीत काही मिनिटं हाती मिळतात. लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्याहून कमी. त्या वेळात कपाटात नळी शोधत बसणं परवडत नाही.

तयारी रुग्णाचीही असते. आदल्या दिवशी आम्ही "तोंड उघडा, जीभ बाहेर काढा" म्हणतो, त्याचं पुष्कळांना नवल वाटतं. घशाचा किती भाग दिसतो यावरून नळी घालणं अवघड जाईल का, याचा अंदाज येतो. ही पद्धत 1985 मध्ये मांडली ती बोस्टनमध्ये काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉ. शेषगिरी मल्लमपती यांनी.

तुमचं नाव आणि ऑपरेशनची बाजू पुन्हा पुन्हा विचारली, तर कृपया चिडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची तपासणी यादी दिली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. केवळ विचारून घेतल्याने जीव वाचतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्याकडून एक मागणं. उपाशी राहा म्हटलं की खरंच उपाशी राहा. सर्वसाधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं, साधं पाणी दोन तास आधी. दुधाचा चहा हेही खाणंच धरायचं, आणि देवाचा पेढाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून खाल्लं असेल तर लपवू नका. तातडीचं नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलता येतं. तंबाखू, मिश्री, दारू, हलणारा दात, कवळी, घरात कुणाला भुलेचा झालेला त्रास, सगळं सांगा. आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून सोबत आणा.