पिधान : झाकण, छाया आणि नोंदवही

(अमझेरा येथे मराठीचे शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



मराठीच्या कार्यक्रमात साहित्याची प्राध्यापिका लघुग्रहांवर बोलणार हे पत्रिकेत वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही. विषय मीच मागून घेतला आहे. आकाशातली एक अगदी छोटी घटना, फार तर दहा-बारा सेकंदांची, हा माझा आजचा विषय आहे. तिच्यासाठी आपल्या भाषेत कोणते शब्द आहेत आणि त्या शब्दांनी आपण आज काय करू शकतो, हे मला पाहायचे आहे.

आधी घटना सांगते. १२ डिसेंबर २०२३ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी पावणेसातच्या सुमारास, लिओना नावाचा एक लघुग्रह काक्षी या ताऱ्याच्या समोरून गेला. काक्षी म्हणजे मृगातला तो तांबूस, ठळक तारा. आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणूनही तो ओळखला जातो आणि पाश्चात्त्य त्याला बीटलजूस म्हणतात. लिओना १८९१ मध्ये फ्रान्समधल्या नीस येथे शार्लुआ यांनी शोधला. तो लांबट आहे, लांबी सुमारे ऐंशी किलोमीटर. ताजिकिस्तानपासून तुर्कस्तान, ग्रीस, इटली, स्पेन आणि पुढे अटलांटिक ओलांडून फ्लोरिडा, मेक्सिको असा एक अरुंद पट्टा होता. त्या पट्ट्यात उभ्या असलेल्यांनाच तारा काही सेकंद मंदावताना दिसणार होता. आपण पट्ट्याबाहेर होतो. आपल्याकडचा काक्षी नेहमीसारखाच मावळतीला उतरला.

आता याला म्हणायचे काय? इंग्रजी शब्द मी मुद्दाम उच्चारत नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी एक नव्हे, शब्दांचे घरच आहे. सूर्य-चंद्राचे ते ग्रहण. तिथे धातू ‘पकडणे’ असा आहे, राहूने धरल्याची कल्पना त्यात अजून शिल्लक आहे. बुध किंवा शुक्र सूर्यबिंबावरून छोट्या ठिपक्यासारखा जातो ते अधिक्रमण, म्हणजे पाऊल टाकून ओलांडणे. दोन ज्योती जवळ आल्या तर युती. आणि जवळच्या ज्योतीने दूरची ज्योत पूर्ण झाकली तर पिधान.

पिधान म्हणजे झाकण. जुने रूप अपिधान. ज्यांच्या घरी आजोबा जेवणानंतर आपोशन घेत, त्यांनी हा शब्द लहानपणी कानाने ऐकलेला आहे. जेवणाआधीच्या आपोशनात अन्नाखाली अमृताचे अंथरूण आणि नंतरच्या आपोशनात त्यावर अमृताचे झाकण, अशी ती कल्पना. तोच शब्द आपल्या जुन्या खगोललेखकांनी ताऱ्यासाठी घेतला. भांड्यावर झाकण ठेवावे आणि उचलावे, तसा तारा झाकला जातो आणि पुन्हा उघडतो. मला हा शब्द ग्रहणापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. इथे कोणी कोणाला गिळत नाही, कोणी कोणाला सोडवत नाही.

सूर्यसिद्धान्तात झाकणाऱ्याला छादक आणि झाकल्या जाणाऱ्याला छाद्य म्हटले आहे. दोन शब्दांत सगळी भूमिती आली. ग्रहांच्या परस्पर भेटीला तिथे ग्रहयुद्ध म्हणतात आणि त्याचे भेद, उल्लेख, अंशुविमर्द, अपसव्य असे चार प्रकार सांगितले आहेत. एक बिंब दुसऱ्याला झाकते तो भेद. कडेला कड लागते तो उल्लेख. नुसते किरण एकमेकांत मिसळतात तो अंशुविमर्द. अंतर राखून जवळून जाणे ते अपसव्य. वराहमिहिरांनीही हे चार प्रकार दिले आहेत, आणि वराहमिहिर तर आपल्या अवंतीचे, इथून शंभरेक किलोमीटरवरच्या उज्जैनचे.

रोहिणीची गोष्ट याहून रंजक आहे. रोहिणीच्या ताऱ्यांची आकृती गाड्यासारखी, म्हणून रोहिणीशकट. एखादा ग्रह या गाड्यातून गेला तर तो शकटभेद. शनी किंवा मंगळाने शकटभेद केला तर जगावर मोठे संकट, असे वराहमिहिर सांगतात. सूर्यसिद्धान्त मात्र भीती घालत नाही, मोजमाप देतो: वृषभेच्या सतराव्या अंशावर असलेल्या ग्रहाचा दक्षिण शर दोन अंशांहून अधिक असेल तर तो गाडा फोडील. मग कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ येतात. शके १४४२ च्या ग्रहलाघवात ते म्हणतात, मंगळ-शनीचा शकटभेद व्हायचा तर दुसऱ्या युगात होईल. म्हणजे ज्याची भीती घालता ते सध्या घडतच नाही, हे त्यांनी गणिताने सांगितले. चंद्र मात्र रोहिणीला खरोखर झाकतो. सुमारे अठरा वर्षे सात महिन्यांच्या फेऱ्याने अशा पिधानांची मालिका येते. मागची २०१५ ते २०१८ अशी झाली, पुढची २०३३ मध्ये सुरू होईल. चंद्राची लाडकी राणी रोहिणी ही पुराणकथा या मालिकांवरूनच सुचली असेल, असे मला वाटते. याला पुरावा नाही, पण शिकवताना मी ती शक्यता सांगते.

ग्रहाने ठळक तारा झाकणे दुर्मीळ. ७ जुलै १९५९ रोजी शुक्राने मघेचा तारा झाकला. पुन्हा ते १ ऑक्टोबर २०४४ ला घडेल. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण तेव्हा माझ्या आजच्या वयाच्याही अलीकडे असतील.

लघुग्रहांचे मात्र वेगळे आहे. ते लाखोंनी आहेत, त्यामुळे कुठला ना कुठला तारा कुठून ना कुठून रोज झाकला जातो. ‘अॅस्टेरॉइड’ हा शब्द हर्शेलने १८०२ मध्ये रूढ केला. त्याचा अर्थ ‘ताऱ्यासारखा’, कारण दुर्बिणीतून तो नुसता ठिपका दिसे. आपण लघुग्रह म्हणतो. आपला शब्द त्या वस्तूच्या दिसण्यावर थांबत नाही, ती आहे काय ते सांगतो. या बाबतीत मराठी वरचढ आहे, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

ही वस्तू केवढी, कशा आकाराची, हे मात्र ठिपक्यावरून कळत नाही. पिधान त्यासाठी कामी येते. तारा इतका दूर की त्याचे किरण आपल्याकडे समांतर येतात, त्यामुळे लघुग्रहाची पृथ्वीवर पडणारी छाया त्याच्याएवढीच असते. ऐंशी किलोमीटरचा दगड, ऐंशी किलोमीटरची छाया. ती जमिनीवरून सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने सरकते. समजा, वेग सेकंदाला दहा किलोमीटर आहे आणि तुमच्या गावी तारा सहा सेकंद गेला. तर तुमच्या डोक्यावरून छायेची साठ किलोमीटर लांबीची पट्टी गेली. भूमितीत हिला जीवा म्हणतात, वर्तुळाच्या धनुष्याची दोरी. एका गावाची एक जीवा. छाया पूर्व-पश्चिम जात असेल तर उत्तर-दक्षिण ओळीत माणसे बसवायची. बदनावर, सरदारपूर, अमझेरा, मनावर. चारही ठिकाणच्या जीवा कागदावर एकाखाली एक मांडल्या की लघुग्रहाची बाह्यरेषा उमटते. बदनावर ते मनावर हे अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरचे आहे. म्हणजे लिओनासारख्याची छाया अमझेऱ्यावरून गेली तर एका टोकाच्या गावाला बहुधा काहीच दिसणार नाही. आणि त्या गावाने ‘तारा गेला नाही’ अशी नोंद केली, तर लघुग्रहाची कड कुठे संपते ते तिनेच ठरते. न दिसण्याला एवढी किंमत असलेला दुसरा उद्योग मला माहीत नाही.

काक्षीचे प्रकरण जरा निराळे होते. इतर तारे आपल्याला बिंदू असतात. काक्षी इतका प्रचंड आहे की त्याला मोजता येण्याजोगे बिंब आहे, आणि लिओनाचे दृश्य आकारमान जवळपास त्या बिंबाएवढेच. म्हणून झाकण भांड्यावर जेमतेम बसणार होते. तारा दिवा मालवल्यासारखा न जाता क्रमाने मंदावावा, आणि त्या मंदावण्यातून बिंबाचा कुठला भाग किती तेजस्वी ते कळावे, अशी अपेक्षा होती.

अशा मंदावण्याने मोठी कामे झाली आहेत. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी ग्रहाच्या बाहेरच ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद घटल्याचे नोंदवले. युरेनसचा नवा उपग्रह, असा त्यांनी अर्थ लावला आणि तसे प्रसिद्ध केले. तिकडे अमेरिकी शास्त्रज्ञांनी उडत्या विमानातल्या दुर्बिणीतून ग्रहाच्या दोन्ही बाजूंना असे अनेक घट टिपले. सगळ्या नोंदी एकत्र आल्यावर कळले की ही युरेनसभोवतीची कडी आहेत. अर्थ बदलला, पण कावलूरची नोंद खरीच राहिली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे संहिता आणि टीका यांत जो फरक आपण करतो, तोच इथे आहे.

दुसरे उदाहरण गावाचे. जुलै २०१७ मध्ये अर्जेंटिनातल्या कोमोदोरो रिवादाविया या शहराजवळ एका अतिदूरच्या वस्तूची छाया पडणार होती. आज तिचे नाव अॅरोकॉथ. नगरपालिकेने रस्त्यांवरचे दिवे बंद केले, महामार्ग दोन तास थांबवला, वारा अडवायला दुर्बिणींच्या बाजूला ट्रक उभे केले. छाया सेकंदापेक्षाही कमी वेळ होती. पाच दुर्बिणींना ती मिळाली, आणि त्या पाच जीवांवरून दोन गोळे चिकटल्यासारखा आकार सुचला. जानेवारी २०१९ मध्ये यान तिथे पोचले तेव्हा तो तसाच निघाला. आपल्या ग्रामपंचायतीने दोन तास खांबावरचे दिवे बंद केले तर कोणाची तक्रार पहिली येईल, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक.

अमझेऱ्याची निवड मी सोयीसाठी केलेली नाही. १८५७ नंतर हे संस्थान ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेले आणि अमझेरा हा त्यांच्या राज्याचा जिल्हा झाला. पलीकडे धार-देवास पवारांचे. त्याच शिंद्यांपैकी माधवरावांनी १९२३ मध्ये उज्जैनची, सवाई जयसिंहांनी उभारलेली जुनी वेधशाळा दुरुस्त करून घेतली, आणि तिचे काम पाहणारे गोविंद सदाशिव आपटे मराठीच होते. म्हणजे या मुलखात मराठी एके काळी दप्तराची भाषा होती तशी वेधाचीही होती. आता ती बहुतेक घरांत स्वयंपाकघरापुरती उरली आहे. पिधान हा शब्दही तिथलाच, भांड्यांतला, हे आठवून मला बरे वाटते.

म्हणून एक प्रत्यक्ष सूचना करते. ज्येष्ठेच्या ताऱ्याला चंद्र झाकण्याची मालिका २०२३ मध्ये सुरू झाली आहे आणि २०२८ पर्यंत चालेल. प्रत्येक वेळी आपल्याकडून दिसेल असे नाही, तारखा पंचांगात आणि खगोलमंडळांकडे मिळतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते आहे, तिच्याशी शाळेच्या वतीने पत्रव्यवहार करावा. चंद्रापासून सुरुवात केली की हात बसतो, मग लघुग्रह. साहित्य फार लागत नाही. साधी दुर्बीण, सेकंद दाखवणारे अचूक घड्याळ आणि नोंदवही. वहीचे रकाने मी आखून आणले आहेत, सभेनंतर घेऊन जा: गाव, अक्षांश, रेखांश, छादक, छाद्य, तारा गेला, तारा आला, आभाळ. शेवटचा रकाना मोठा ठेवला आहे, त्यात जे वाटेल ते आपापल्या मराठीत लिहा, माळवी मिसळली तरी चालेल. ‘तारा गेला नाही’ यासाठी वेगळी चौकट आहे. ती रिकामी सोडू नका.