हसणारा कोण आणि हसे कोणाचे?



दूरचित्रवाणीवरील एखाद्या विनोदी कार्यक्रमात आपल्या श्रद्धांची, चालीरीतींची किंवा महापुरुषांची टिंगल झाली की समाजात दोन प्रकारचे सूर उमटतात. एक सूर म्हणतो, विनोद आहे, सोडून द्या. दुसरा म्हणतो, कार्यक्रम बंद करा. तो विनोद कोणी रचला, कोणासाठी रचला आणि त्यात नेमके कोण उघडे पडले, हे तपासण्याचे कष्ट मात्र दोघेही घेत नाहीत. हे तपासणे किती बोधप्रद ठरते, हे पाहण्यासाठी ब्रिटनमधील एका प्रहसनमालिकेचे उदाहरण आज विचारात घ्यावयाचे आहे.

‘गुडनेस ग्रेशस मी’ हे त्या मालिकेचे नाव. 1996 साली ती बीबीसीच्या नभोवाणीवर आणि 1998 पासून बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर आली. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया हे तिचे प्रमुख कलावंत. चौघेही भारतीय वंशाचे. दूरचित्रवाणीवरील पहिल्याच मालिकेतील एक प्रहसन ब्रिटनमध्ये अतोनात गाजले. मुंबईतील काही तरुण-तरुणी यथेच्छ लस्सी पिऊन रात्री एका ‘इंग्रजी’ उपाहारगृहात शिरतात. गोऱ्या वाढप्याचे साधे नाव ते मुद्दाम वेडेवाकडे उच्चारतात. सर्वांत बेचव, सर्वांत अळणी पदार्थ कोणता, असे मोठ्या ऐटीत विचारतात. बटाट्याच्या तळलेल्या कापांच्या चक्क 24 थाळ्या मागवतात. एकीला काहीतरी झणझणीत खावेसे वाटते, तर मंडळी तिला दटावतात की इंग्रजी खाण्यासाठी आलो आहोत, इंग्रजीच खाल्ले पाहिजे!

वरवर पाहता हा निव्वळ आचरटपणा आहे. परंतु इंग्लंडमधील प्रेक्षकाला त्यातील प्रत्येक बारकावा लगेच बोचला. मद्यपान करून रात्री भारतीय उपाहारगृहात शिरणे, वाढप्याच्या नावाची आणि उच्चारांची नक्कल करणे, सर्वांत तिखट पदार्थ मागवून मर्दुमकी दाखवणे, हा तेथील गोऱ्या तरुणांचा ठरलेला शिरस्ता होता. प्रहसनाने केवळ जागा बदलल्या. कोणालाही शिवी दिली नाही, कोणाकडे गाऱ्हाणे केले नाही. आरसा उचलला आणि समोरच्याकडे फिरवला.

उसन्या रंगाचे भारतीय

या आरशाचे मोल कळण्यासाठी त्यापूर्वीचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. मालिकेचे नावच त्या इतिहासातून उचललेले आहे. 1960 साली ‘द मिलियनेअरेस’ या चित्रपटात पीटर सेलर्स या इंग्रज नटाने भारतीय डॉक्टरची भूमिका केली. त्यानिमित्ताने त्याने सोफिया लॉरेनसह याच नावाचे एक गाणे म्हटले. भारतीय माणसाच्या इंग्रजी उच्चारांची गंमत हा त्याचा मुख्य गाभा. 1969 साली ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत स्पाइक मिलिगन तोंडाला रंग फासून अर्धा पाकिस्तानी झाला. हा मिलिगन जन्मला होता आपल्या अहिल्यानगरात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात. 1974 ते 1981 या काळात चाललेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेचा आरंभीचा रंगमंच तर आपल्या नाशिकजवळचे देवळाली. तेथील लष्करी छावणीवरून इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे वेडसर हा शब्द रूढ झाला. या मालिकेतील रंगी राम हे भारतीय पात्र मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहऱ्याला रंग लावून रंगवले. बेट्सचा जन्म झाशीचा होता आणि त्याला आपली भाषा येत होती, हे खरे. तरीही रंगी रामच्या तोंडचे शब्द लिहिणारे हात इंग्रजांचेच होते.

म्हणजे हिंदुस्थानची माती, हिंदुस्थानचे पात्र, हिंदुस्थानी उच्चार, सर्व काही होते. नव्हता तो फक्त हिंदुस्थानी लेखक. ज्या इंग्लंडात 1968 साली इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणारे भाषण केले, ज्या इंग्लंडात 1972 साली इदी अमीनने युगांडातून हाकललेली हजारो कुटुंबे सर्वस्व गमावून उतरली, त्याच इंग्लंडात त्या कुटुंबांची मुले हे कार्यक्रम पाहत वाढली. रात्री दूरचित्रवाणीवर झालेली नक्कल सकाळी शाळेच्या अंगणात त्यांच्या वाट्याला येणे क्रमप्राप्तच होते. अशा पिढीतील काहींनी लेखणी हाती घेतली, आणि ज्या गाण्याने आपल्या वडिलांच्या पिढीचे हसे झाले, त्याचेच नाव आपल्या मालिकेला दिले. हा प्रतिकार आहे, आणि तो अत्यंत सुसंस्कृत प्रतिकार आहे.

कपूरचे कूपर

या मालिकेतील दुसरे लक्षणीय पात्रयुगुल म्हणजे कपूर पतिपत्नी. ती स्वतःला ‘कूपर’ म्हणवून घेतात. आपण अस्सल इंग्रज आहोत, हे सिद्ध करण्यासाठी त्यांची अखंड केविलवाणी धडपड चालते आणि प्रत्येक वेळी त्यांचे पितळ उघडे पडते. परक्याच्या नजरेत भरण्यासाठी स्वत्व टाकणाऱ्याला शेवटी दोन्ही घरचे पाहुणपण नाकारले जाते, हे सत्य येथे कोणत्याही प्रवचनाविना सांगितले आहे. हा न्यूनगंड काही केवळ लंडनमध्येच राहत नाही. पुण्या-मुंबईतील ज्या घरांत आजीशी मराठीत बोलणाऱ्या नातवाला दटावले जाते, तेथेही हे कूपर दांपत्य सुखाने नांदत असते.

याउलट तिसरे पात्र आपणा सर्वांना अंमळ अस्वस्थ करणारे आहे. एक भारतीय पिता आपल्या मुलाला जगातील प्रत्येक गोष्ट मुळात भारतीयच कशी, हे ठासून सांगतो. इंग्लंडचे राजघराणेसुद्धा भारतीय! कारण काय, तर सारे कुटुंब एकत्र राहते, घरचाच धंदा करते आणि लग्ने ठरवून होतात. यावर हसू येते, येऊ द्यावे. पण हसून झाल्यावर दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, आयुष्यभर अवहेलना सोसलेल्या माणसाची ही ढाल आहे. तिच्यामागची वेदना खरी आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. ज्यांच्यापाशी पुरावा आहे, त्यांनी अतिशयोक्तीचा आश्रय का घ्यावा?

पुण्यातलेच उदाहरण आहे. टिपूच्या सैन्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले होते. एका कुंभाराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडवले. ही शस्त्रक्रिया इंग्रज वैद्यांनी डोळ्यांनी पाहिली, तिचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला, आणि 1814 साली जोसेफ कार्प्यू याने याच पद्धतीने इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया केली. नाक, नाव, गाव, वर्ष, सारे नोंदलेले आहे. या गोष्टीवर कोणताही विदूषक हसू शकत नाही. अभिमानाला आधाराची जोड नसेल, तर विरोधकाला प्रहसन लिहिण्याचेही श्रम पडत नाहीत. आपणच त्याचे संवाद पुरवतो.

जेथे आरसा गढूळ होतो

तथापि या मालिकेचे सरसकट कौतुक करता येणार नाही. तिच्यातील गुरू हा भोंदू असतो. श्रद्धा ही बहुधा फसवणुकीची पूर्वतयारी असते. भोंदूपणावर कोरडे ओढण्यास कोणाची हरकत असणार? सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्याने ‘मत्तविलास’ या प्रहसनात कापालिकांची आणि भिक्षूंची यथेच्छ रेवडी उडवली. संस्कृत नाटकातील विदूषक स्वतः ब्राह्मण, आणि त्याच्या खादाडपणावर हसणारा प्रेक्षकही त्याच समाजातला. नाथांची भारुडे आणि तुकोबांचे दांभिकांवरील प्रहार तर घराघरात ठाऊक आहेत. तमाशातील गवळणीत प्रत्यक्ष कृष्णाची थट्टा होते आणि तीच मंडळी पहाटे काकड आरतीला उभी राहतात.

परंतु या परंपरेत दांभिकाच्या शेजारी खरा साधूही उभा असतो. तुकोबांचा प्रहार विठ्ठलाच्या प्रेमातून येतो. लंडनच्या मालिकेत ही दुसरी बाजू जवळपास अदृश्य आहे. 1995 साली लंडनच्या नीसडन भागात हजारो स्वयंसेवकांच्या श्रमांतून भव्य स्वामिनारायण मंदिर उभे राहिले. त्या श्रद्धेतही विनोदाला जागा होती. पण ती आतून पाहणारा लेखक हवा होता. स्वयंपाकघर, लग्न आणि आई यांविषयी लिहिताना ही लेखणी घरातली असते. गुरू आणि देव आले की ती नकळत जुन्या इंग्रज लेखकाच्या नजरेने पाहू लागते. उपाहारगृहाच्या प्रहसनात फिरवलेला आरसा येथे पुन्हा जुन्याच दिशेला वळतो. दुसरा दोष असा की, ‘एशियन’ या एकाच गोणीत हिंदू, शीख, मुसलमान सारे कोंबले जातात आणि प्रत्येकाचा वेगळा इतिहास पुसला जातो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले. हास्याचीही पायरी असते, हे आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेपासून ठाऊक आहे. म्हणून विनोदाला घाबरण्याचे हिंदू समाजाला कारण नाही. घाबरायचे ते लेखणी परक्याच्या हाती राहण्याला. बंदीची मागणी एका दिवसाची बातमी होते. उत्तम प्रहसन पंचवीस वर्षे टिकते, हे उपाहारगृहातील त्या तरुणांनी दाखवून दिले आहे.

2022 साली ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले. भगवद्गीतेवर हात ठेवून खासदारकीची शपथ घेतलेल्या या गृहस्थाला तेथवर पोहोचण्यासाठी ‘कूपर’ व्हावे लागले नाही. हे परिवर्तन अनेक पिढ्यांच्या कष्टांचे फळ आहे, आणि त्यात हसवणाऱ्यांचाही खारीचा वाटा आहे. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या विनोदी लेखनाची वही उघडून बसली, तर तिला ‘असले उद्योग सोड’ असे न सांगता आधी एकनाथ वाचावयास द्यावेत. मग खुशाल लिहू द्यावे.